वरच्या टप्प्यावरची सतरा झाडं

गांजा पिवळा पडत आला की आमच्या रीफच्या डोंगरात बायकांचा जीव भांड्यात पडतो. कापणी जवळ आली म्हणायची. त्या सकाळी मात्र वरच्या टप्प्यावर उभं राहून मी झाडं मोजत होते. सगळं शेत पिवळं, किडकिडीत, आणि मधूनच सतरा झाडं हिरवीगार, माजलेली!

बलदिया, म्हणजे आमचं डोंगराचं जुनं बी, पावसाच्या पाण्यावर निभावतं आणि लवकर पिकतं. सरकारनं आता गांजा लावायचा परवाना दिलाय, त्यात तेवढंच लावायचं असं लिहिलंय. बाहेरून आलेला खर्दाला पीक दुप्पट देतो, पण उशिरापर्यंत हिरवा राहतो, झरा आटवतो, आणि आमच्या कागदावर त्याला बंदी. माझा नवरा हद्दू गांजाच्या पकडवॉरंटापायी अकरा वर्षं डोंगरात लपून राहिलेला, सरकारची माफी मिळाली तेव्हा घरी आलेला. त्याच्या शेतात बंदीचं झाड सापडलं की माफी गेली आणि तो तुरुंगात. हे मला पाठ होतं. तरी केलं मीच!

आमच्या वाडीत पेरणीची पहिली मूठ घरची बाई टाकते, आणि ती गेल्या वर्षीच्या घरच्या बियांची. नाहीतर बरकत तुटते म्हणे. परवाना देणाऱ्या संस्थेच्या पोत्यातलं बी मला परकं वाटलं, ओढणीच्या गाठीत जपलेलं घरचं आपलं; तेच टाकलं. परवान्याआधी, गेल्या साली, आपण चोरून खर्दालाच लावला होता हे टाळक्यात आलंच नाही. जळो ती बरकत!

संस्थेचा तपासनीस आज येणार होता. मी उपटायला लागले. सोळा झाली, तोवर हद्दू वर आला.

"अगं, हिरवं तेच उपटतेस? डोकं फिरलं का?"

"तोंड मीट आणि हात लाव. खर्दाला आहे."

"कुणी पेरला?"

"मी. पहिली मूठ."

त्याचा चेहरा मातीसारखा झाला. "रहीमो, तू मला जिवंत गाडलंस." तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मी उपटलेली झाडं झुडपांच्या मोळीखाली कोंबली. सतरावं उपटायला वाकले, तेवढ्यात खालच्या वळणावर जीप घरघरली. हद्दू सरळ डोंगराकडे निघाला. मी त्याचा झगा दोन्ही हातांनी धरला.

"पळालास तर बिनचौकशी गुन्हेगार ठरशील! उभा राहा, भित्र्या!"

तपासनीस सी बूताहर, सी म्हणजे साहेब, पलीकडच्याच खोऱ्यातला. सलाम केला, माझ्या आईची तब्येत विचारली, आणि खड्ड्यांपाशी थांबला.

"इथं काय होतं, खालती?" आमच्याकडे मावशीला खालती म्हणतात.

"नर झाडं. काढून टाकली."

"आत्ता? कापणीच्या तोंडावर? नर झाडं फुलोऱ्याआधीच काढतात. मी काय शहरात जन्मलो?" त्यानं पायानं मोळी सरकवली. हिरवा उग्र वास सुटला. मग त्यानं बांधाजवळचं सतरावं झाड पाहिलं.

"मी लावली," हद्दू म्हणाला. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "हिला काही ठाऊक नाही."

गप्प बसले असते तर सुटले असते. पाचावर धारण बसलेली असताना माझ्या तोंडातून कसं निघालं, देव जाणे: "खोटं बोलतोय. मूठ माझी होती."

बूताहरनं वही उघडली. "हद्दू, पहिली मूठ पुरुषानं टाकलेली मी जन्मात ऐकली नाही. उगाच मला शिकवू नकोस." माझ्याकडे वळला. "मी लिहिलं नाही तर माझी नोकरी जाईल, खालती. बापाचं नाव?"

"अमार," मी म्हटलं. त्यानं गुन्हा माझ्या नावावर लिहिला. सोमवारी चौकीवर हजर व्हा म्हणाला, आणि नजरेला नजर न देता निघून गेला.

जीपचा आवाज विरला. हद्दू माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता शिव्या देईल.

"मी लपायचो ती वरची गुहा कोरडी आहे," तो हळूच म्हणाला. "वाट सोपी नाही. मी पुढं चालतो."

अकरा वर्षं ह्या माणसाला मी भित्रा म्हणत आले. 'नाही, मी सोमवारी जाणार,' असं म्हणायला तोंड उघडलं. पण माझे पाय आधीच डोंगराकडे वळले होते.