सतरावे कार्ड

मित्रांनो, नागपूरच्या एका कचेरीतल्या लोखंडी कपाटात पडून असलेला मी एक जुना गठ्ठा आहे. बारीक भोके पाडलेली जाड कागदाची चाळीस कार्डे, एवढाच माझा देह. प्रत्येक कार्डावर भोकांच्या खुणांनी एक जन्मतारीख आणि तिचे बरोबर वय टिपलेले. एकोणऐंशी साली कचेरीत प्रोग्राम तपासणाऱ्या पुष्पलताबाईंनी मला तयार केले.

तिथल्या कॉम्प्युटरवर जन्मतारखेवरून वय काढणारा एक प्रोग्राम होता. सगळ्या खात्यांचे प्रोग्राम त्यालाच वय विचारत. त्यात सारखी दुरुस्ती चाले. प्रत्येक दुरुस्तीनंतर बाई मला यंत्रात घालत. माझ्या जुन्या प्रश्नांना जुनीच उत्तरे आली, तरच बाई दुरुस्तीवर मंजुरीची सही करत. एखादे कार्ड मागेपुढे झालेले कळावे म्हणून माझ्या वरच्या कडेवर पेन्सिलीची तिरपी रेघ होती. साहेब मला पहारेकरी म्हणत. तेव्हा बाईंना बरे वाटे.

एकदा प्रोग्रामर कृष्णकांतने वय फक्त पूर्ण वर्षांत द्यायचे ठरवले. माझे सतरावे कार्ड अडले. त्यावर सात महिन्यांचे बाळ होते. उत्तर सात महिने यायला हवे होते, आले शून्य. त्याने प्रोग्राम सुधारला नाही. कार्डच बदलले आणि त्यावर रेघ जुळवून काढली.

“जुनं कार्ड होतं, बाई. महिन्यांत वय आता कोण मागून राहिलं?” तो म्हणाला.

बाईंनी नवे कार्ड उलटसुलट करून पाहिले. पण रेघ अखंड होती, आणि घरी त्यांची तान्ही मुलगी शेजारणीपाशी होती. त्यांनी सही केली.

महिन्यांत वय मागत होती ती आरोग्य खात्याची लसीकरणाची यादी. शून्य म्हणजे रकाना रिकामा, असे समजून तिने सगळी तान्ही बाळे गाळली. नागपूरजवळच्या कन्हान गावची नर्सबाई यादी पाहूनच घरोघर बोलावणे धाडत असे. चूक कळेपर्यंत तीन महिने गेले.

कचेरीतला शिपाई कवडू कन्हानचा. त्याच्या तान्ह्या नातीला ताप आला आणि एक पाय लुळा पडला. तो बाईंच्या टेबलापाशी आला. आवाज चढवला नाही.

“बाई, पोलिओचा डोस भेटला असता तर माही नात चालली असती काय?”

बाईंनी माझे सतरावे कार्ड बाहेर काढले. मला काहीच वाटले नाही. कागदाला काय वाटणार?

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही जुने बदलाल. जरूर बदला. पण एखादे जुने कार्ड अडले, तर ते फेकण्याआधी त्याच्यामागे कोण आहे ते विचारा. मला विचारता येत नव्हते. बाईंना येत होते.