कागदाला पाय

"बरं, आता पुन्हा. मी डॉक्टर. काय हो, कसं काय?"

"बरं आहे," जयवंत म्हणाला.

उत्तराने कपाळाला हात लावला. दाराच्या चौकटीला टेकून बसलेला जयवंतचा दोस्त दत्ताराम खो खो हसला, आणि तो हसतोय म्हणून त्याच्या मांडीवर बसलेली उत्तराची लेक नीलाही हसली.

"वहिनी, ह्याचं काय खरं नाय. उद्या ह्याला तिरडीवर बांधला आणि कोणी विचारलं, काय जयवंता, कसं काय, तर बोलेल, बरं आहे, तुम्ही कसे?"

"भावजी, असलं अभद्र बोलू नका हो."

"अगं पण कुणी कसं काय विचारलं तर माणसं दुसरं काय म्हणतात?" जयवंत खरोखरच विचारत होता. तो भिंतीला उजव्या हाताचा तळवा लावून उभा होता. गेले आठ महिने तो असाच उभा राहायचा. जेवायचा उभ्याने, पेपर वाचायचा उभ्याने. भिंतीवर त्या जागी हाताएवढा चुना काळवंडला होता.

"दुखतं म्हणायचं," उत्तरा म्हणाली. "कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत दुखतं. बसलं की दहा मिनिटांत पायात विंचू चावल्यासारखं होतं. कूस बदलताना तोंडात टॉवेल धरावा लागतो. हे सगळं सांगायचं."

"अनोळखी माणसाला? एकदम एवढं?"

दत्तारामने आपला डावा हात वर केला. त्याला तीनच बोटं होती. "माझं बरं झालं बघ. मशीनने दोन बोटं नेली ती दिसतात. डॉक्टरांच्या बोर्डापुढे हात धरला, त्यांनी बघितला, काम झालं. दोन मिनिटं पण नाय लागली. ह्याचं काय गेलंय ते काढून दाखवणार कसं? फोटोत तर ह्याची कंबर माझ्यापेक्षा झकास."

फोटो म्हणजे क्ष-किरणांचा फोटो. तो कपाटावर मोठ्या खाकी पाकिटात होता. त्यात खरोखरच काही दिसत नव्हतं.

आग्रा रोडवरच्या रंगाच्या कारखान्यात जयवंत स्टोअरमध्ये कारकून होता. कारकून नावाला; हमाल वेळेवर आला नाही की रंगाची पिंपं स्वतःच हलवायची. गेल्या श्रावणात वरच्या फळीवरून एक पिंप घसरलं. खाली दुसरा माणूस वाकून काही शोधत होता, म्हणून जयवंतने मध्ये पाठ घातली. माणूस वाचला, पिंपही फुटलं नाही. जयवंत त्या दिवशी पाळी संपेपर्यंत काम करून, चालत घरी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठू शकला नाही.

कामगारांची विमा योजना नुकतीच सुरू झाली होती म्हणून इतके दिवस निभावलं. आता ती मुदत संपत आली होती. पुढे काय ते बोर्ड ठरवणार होतं. हे कायमचं अधूपण आहे असं बोर्डाने म्हटलं, तर दरमहा काहीतरी मिळत राहणार आणि पिंपांशी संबंध संपणार. नाही म्हटलं तर सोमवारी कामावर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उत्तराला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता पुन्हा ओझं उचललं तर पाय जाईल. "जाईल म्हणजे?" तिने विचारलं होतं. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले होते, "जाईल म्हणजे जाईल, बाई."

उत्तरा तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. जे दिसत नाही ते सिद्ध करावं लागतं, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणून गणपतीपासून तिने एक वही घातली होती. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, किती वेळ बसता आलं, किती झोप, नीलाला उचललं का? (नाही.) डाव्या पोटरीचा घेर, शिवणाच्या टेपने मोजलेला. पोटरी दर महिन्याला थोडी थोडी बारीक होत होती. हे तिने जयवंतला सांगितलं नव्हतं. तो विचारायचा, "आज किती?" ती म्हणायची, "तेवढीच." आणि मग वहीत खरा आकडा लिहायची.

* * *

बोर्ड घाटकोपरला बसत असे. दत्तारामने ओळखीच्या एकाची टॅक्सी आणली आणि मागच्या सीटवर जयवंतला आडवं घातलं. पण बोर्डाच्या इमारतीच्या अलीकडच्या नाक्यावरच त्याने टॅक्सी थांबवली.

"इथनं चालत. टॅक्सीतनं उतरलेला माणूस त्यांना आजारी नाय दिसत. सुखवस्तू दिसतो."

ते शंभर पावलं चालायला त्यांना बराच वेळ लागला. नीला कडेवर, फोटोचं पाकीट बगलेत, वही आणि सर्टिफिकिटं हातात, अशी उत्तरा एक पाऊल मागून चालत होती. एप्रिलचं ऊन होतं. इमारतीच्या वरच्या खिडकीत एक पांढरा कोट उभा होता. तो यांच्याकडे बघत होता की नुसताच हवा खात होता, कळत नव्हतं. तिने मान खाली घातली. आपणच काही लपवायला चाललोय असं तिला वाटायला लागलं.

"मी नीट चालतोय का?" जयवंतने हळूच विचारलं.

"नीट चालू नका."

तो हसला. आणि मग बिचारा लंगडण्याचा प्रयत्न करू लागला. खरं लंगडणं इतके महिने लपवलेल्या माणसाला खोटं लंगडता येईना. "राहू द्या," ती म्हणाली. "आपलं जसं आहे तसं चाला."

आत तीन डॉक्टर होते. मधले पिकल्या केसांचे, जाड भिंगांचा चष्मा. एक तरुण, त्याला मराठी येत नसावी. तिसरे सगळा वेळ लिहीत होते. शिपायाने उत्तराला दाराशी उभं राहू दिलं, कारण जयवंतला सदरा काढायला मदत लागणार होती. दत्ताराम बाहेर थांबला.

"या. कसं काय?" पिकले केस म्हणाले.

जयवंतचे ओठ सवयीने 'ब'साठी मिटले. मग तो म्हणाला, "दुखतं."

चोरी कबूल करावी तसा तो म्हणाला, पण म्हणाला. पुढचंही सगळं त्याने सांगितलं. टॉवेलचं सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. टेबलावर झोपवून डॉक्टरांनी त्याचा डावा पाय सरळ वर उचलला, तर वीतभर उचलल्यावरच पायाची बोटं वळली. तरुण डॉक्टरने पुढे होऊन पोटरी दाबून पाहिली आणि पिकल्या केसांकडे पाहून मान हलवली. ती मान कुठल्या बाजूने हलली हे उत्तराला नीट कळलं. ती जयवंतच्याच बाजूने हलली होती.

"उभे राहा. वाका पुढे. जेवढं जमेल तेवढं."

जयवंत वाकला. हात गुडघ्यांपर्यंत गेले आणि थांबले. कपाळावर घाम आला होता.

"बस?"

"इथपर्यंतच, साहेब."

"ठीक आहे. घाला सदरा."

लिहिणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं. उत्तरा पुढे झाली. एका हाताने तिने सदऱ्याची बाही धरली, आणि आता वही पुढे करावी, पोटरीचे आकडे दाखवावेत, म्हणून दुसऱ्या हाताने ती वही काढू लागली. नीलाने त्याच वेळी निळ्या पुठ्ठ्याकडे झेप घेतली. वही निसटली, फरशीवर पालथी पडली आणि घसरत गेली. जयवंत बाहीत हात घालत एक पाऊल मागे सरला, तो थेट वहीवर.

पायाखाली कागद आहे हे त्याला कळलं. आणि तो वाकला.

पूर्ण वाकला. उजव्या हाताची बोटं फरशीपर्यंत नेऊन त्याने वहीला लावली, मग ती डोळ्यांना लावली, कपाळाला लावली. लहानपणी पाटीला पाय लागला की मास्तर उभं करत, तेव्हापासूनची ती सवय. स्टोअरमध्ये चिठ्ठीला पाय लागला तरी तो हेच करायचा. यात त्याने काही ठरवलं नव्हतं. आणि तो सरळ झाला तेही निमूटपणे, तोंडातून हुंकारही न काढता, कारण समोर वडीलधारी माणसं होती.

लिहिणारं पेन थांबलं होतं.

"अहो," पिकले केस म्हणाले. "जरा पुन्हा वाका बघू."

जयवंतने प्रयत्न केला. पण आता गुडघ्यांपर्यंतही हात जाईनात. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आत्ता तर वाकलात."

"वहीला पाय लागला होता, साहेब," जयवंत म्हणाला. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, असाच त्याचा स्वर होता.

तरुण डॉक्टरने इंग्रजीत विचारलं, तो काय म्हणतोय. पिकल्या केसांनी इंग्रजीतच सांगितलं, की विद्येला नमस्कार केला म्हणतो. थोडक्यात, मनात आणलं की वाकतो. तरुण डॉक्टर हसला. वाईट हसला असंही नाही. एखादी गंमत कळल्यावर माणूस हसतो तसा.

"मला इंग्रजी कळतं," उत्तरा म्हणाली. "वाकल्यावर त्यांचं काय झालं तेही बघा ना. घाम बघा. ही वही बघा, यात सगळं लिहिलंय, रोजचं."

"वही कोणी लिहिली?"

"मी."

पिकल्या केसांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमची कळकळ मला समजते. पण आम्ही डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितो."

बाहेर दत्तारामने काही न विचारता जयवंतचा दंड धरला. टॅक्सी नाक्यावर होती. तिकडे चालता चालता तो म्हणाला, "अरे, पाय लागला तर लागला. नंतर घरी येऊन देवापुढे नाक घासायचं होतं. मी घासलं असतं तुझ्या वतीनं."

कोणी हसलं नाही.

* * *

पंधरा दिवसांनी पत्र आलं. कायमचं अधूपण आढळून येत नाही, कामावर रुजू होण्यास हरकत नाही. जयवंतने ते दोनदा वाचलं आणि घडीवर घडी जुळवून पाकिटात परत ठेवलं.

अपील करता येईल, दत्ताराम म्हणाला, वर्षभर लागेल. तोवर हजर झाला नाही तर कारखान्याच्या पटावरून नाव जाणार. उत्तरा मॅनेजरकडे जाऊन आली, निदान खुर्चीवरचं काम द्या म्हणून. मॅनेजरने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणतात माणूस ठीक आहे. मग ठीक माणसाला हलकं काम कशासाठी द्यायचं, तुम्हीच सांगा." कॉलेजात असा मुद्दा आला असता तर तिने बिनतोड म्हणून पूर्ण मार्क दिले असते.

"तुम्ही अपील करा," ती घरी येऊन म्हणाली. "मी शिकवण्या धरीन. शाळेत विचारीन."

"पुन्हा तीन माणसांपुढे सदरा काढायचा," जयवंत म्हणाला. "नको गं." आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत, "मला तरी कुठे कळतंय आता? वाकलो हे खरंच आहे. कदाचित इतकं दुखत नसेलही."

"असं म्हणू नका."

"खरंच गं. या चार दिवसांत बरंच कमी आहे. रात्री जागही येत नाही."

आपल्याला धीर यावा म्हणून बोलतोय, असं तिला वाटलं. वही तिने त्या दिवसानंतर उघडली नव्हती.

सोमवारी सकाळी दत्ताराम न्यायला आला. जयवंतने इस्त्रीचा सदरा घातला होता, भांग पाडला होता. नीलाच्या गालाला त्याने उभ्या उभ्याच बोट लावलं. जिना उतरायला त्याने दत्तारामची मदत घेतली नाही. कठडा धरून, एकेक पायरी, सावकाश उतरला. उत्तरा नीलाला घेऊन गॅलरीत आली.

रस्त्याच्या कामासाठी नगरपालिकेने कालच खडी पसरली होती. धारदार, निळसर, अजून न दाबलेली. कडेने जायला जागा नव्हती, म्हणून सकाळच्या पाळीची माणसं तिच्यावरूनच वेडीवाकडी पावलं टाकत चालली होती. दत्ताराम एरवी झपाझप चालणारा. आज तो मुद्दाम रेंगाळत, इकडेतिकडे बघत, जयवंतच्या एक पाऊल मागून जात होता. बघणाऱ्याला वाटावं, दोघांनाही घाई नाही.

निम्म्या वाटेवर दत्ताराम थबकला. त्याच्या पुढ्यात खडीत एक चप्पल पडली होती. डाव्या पायाची. त्याने ती उचलली, झटकली, हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. मग त्याने वळून गॅलरीकडे पाहिलं. उत्तराने नीलाला छातीशी घट्ट धरलं.

जयवंत पुढे चालला होता, ताठ, सरळ, इस्त्रीच्या सदऱ्यात. पुढची माणसं चपला घालूनही खडीवर कचरत होती. त्याचा अनवाणी डावा पाय मात्र एकेका दगडावर पूर्ण टेकत होता, आणि त्याला काहीच लागत नव्हतं.