तेओफिलेची अळंब्यांची जागा

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. नदीकाठच्या वाळुंजाच्या फांद्या सोलून व्हिंत्सासने मला विणले आणि लग्नानंतरच्या पहिल्याच शरदात बायकोच्या, तेओफिलेच्या, हाती दिले. आमच्या लिथुआनियातल्या गावाला पाइनच्या जंगलाने वेढले आहे. इथले लोक मागितली तर भाकरी देतात, अडीनडीला गायही देतात. अळंबी उगवते ती जागा मात्र देत नाहीत.

ते दिवस फार चांगले होते. सकाळी दवातून सगळे घर निघायचे. सुतार पक्षी कुठेतरी टकटक करायचा, पोरे रानबेरी खाऊन जिभा जांभळ्या करायची आणि शेवाळावर बसून राईची भाकरी नि उकडलेली अंडी खाल्ली जायची. परतताना मला नेच्याच्या पानांनी झाकत. तरी शेजारणी डोकावायच्याच.

"टोपली जड दिसतेय गं."

"सरपण आहे," तेओफिले सांगायची. मला सरपण म्हटल्याचा कधी राग आला नाही. उलट अभिमानच वाटायचा.

पुढे सून आली, योलिता. तिलाही तेओफिले जंगलात न्यायची, पण खऱ्या जागेला वळसा घालून.

"आई, हे वारूळ मघाशी पाहिलं की आपण."

"वारुळं सगळी सारखीच असतात. पुढं बघून चाल."

मग व्हिंत्सास गेला, तेओफिलेचे गुडघे गेले आणि मी गोठ्यातल्या खिळ्यावर गेले. उंदरांनी माझी कड कुरतडली. तेओफिले खिडकीतून जंगलाकडे बघत बसायची. ती जागा आपल्याबरोबरच मातीत जाणार, हे तिला कळत होते. सांगायला जीभ रेटत नव्हती.

शेवटी एका शरदात तिने मला खाली उतरवून घेतले. "चल पोरी, दाखवते," ती योलिताला म्हणाली.

सुनेचा दंड धरून ती निघाली. पण मधल्या काळात बरीच झाडे तोडून नेली होती. ओळखीची एकही खूण सापडेना. ती एका खुंटावर बसली आणि डोक्याच्या रुमालाने डोळे पुसू लागली.

"डावीकडे, आई," योलिता हळूच म्हणाली. "त्या बर्चच्या जोडझाडांमागं."

"तुला काय ठाऊक?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सापडली. दर शरदात येऊन बघून जाते."

"आणि खुडत नाहीस?"

"तुम्ही दाखवली नव्हती ना."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या अळंब्या गोगलगायींना घातल्यास," तेओफिले म्हणाली आणि कमरेचा अळंब्या कापायचा चाकू काढून सुनेच्या हातात दिला.

मित्रांनो, आम्हा टोपल्यांना कोरड्या जागी, उंदरांपासून दूर टांगा. झाडावर कुऱ्हाड घालण्याआधी त्याच्या बुंध्याशी कोणाचे काय आहे ते विचारा. आणि घरच्या माणसाला जे दाखवायचे ते पाय चालत आहेत तोवर दाखवा. अळंब्या कोणासाठी थांबत नाहीत. सुना थांबतात, पण त्यावर फार विसंबू नये.