जुळलेले जबाब

चादरीची दोन टोकं धरून नणंद मागे सरकली आणि चादर ताणली गेली, तेवढ्यात धुलाईघराचं मागचं दार उघडलं. गणवेशातली तीन माणसं आत आली. मुकादमाने यंत्रं बंद करायला लावली. एरवी त्या खोलीत ओरडल्याशिवाय बोलणं ऐकू जायचं नाही. आता इस्त्रीच्या रुळांतून निघणारी वाफही ऐकू येत होती.

"वहिनी, टोक सोडू नकोस," नणंद हळूच म्हणाली.

दोघी घड्या घालत राहिल्या. नणंदेचा या देशात राहण्याचा परवाना आठ महिन्यांपूर्वीच संपला होता. ज्या वृद्धाश्रमाने तिला कामाला बोलावून घेतलं तो बंद पडला, आणि काम गेलं की साठ दिवसांत देश सोडायचा असा कायदा. तिने सोडला नाही. भावाच्या घरी, बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकून राहिली. वहिनीनेच मुकादमाच्या मागे लागून तिला इथे, इस्पितळाच्या चादरी धुण्याच्या कामावर चिकटवलं होतं. "नणंद-भावजय एकच चादर ओढताहेत आणि ती फाटत नाहीये," नणंद पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "माहेरी सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही."

त्या तिघांतल्या अधिकारी बाईने वहिनीचं कायमच्या वास्तव्याचं कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं. नणंदेकडे कार्ड नव्हतं.

"ही तुमची कोणी लागते?"

मुदत संपलेलं माणूस घरात ठेवलं तर ठेवणाऱ्याचंही कार्ड जातं, हे वहिनीला पाठ होतं. नवऱ्याचं राहणं तिच्या कार्डावर, मुलीची शाळा तिच्या कार्डावर. पण त्या क्षणी यातलं काहीच तिच्या मनात आलं नाही. शब्द आधीच तोंडातून निघून गेला.

"नाही," ती म्हणाली. "इथे कामाला असते, एवढंच. मी ओळखत नाही."

बाईने ते लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली. आडनावं वेगळी होती. कोणी पुन्हा विचारलं नाही. नणंदेने उरलेली घडी एकटीने पुरी केली, चादर ढिगावर ठेवली आणि वर न बघता त्यांच्याबरोबर निघून गेली.

नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, की त्याच्या बहिणीला, चिमीला, धरून नेलं. तीन दिवस तो याला त्याला फोन करत राहिला. तिचं ताट तसंच राहायचं.

"इतकं मनाला लावून घेऊ नकोस गं," तो म्हणायचा, आणि ती उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागायची.

चौथ्या दिवशी त्याला वाट सापडली. कायमचं कार्ड असलेल्या नातेवाइकाने हमीपत्र दिलं, तर सुनावणी होईपर्यंत माणसाला घरी सोडतात.

"माझं कार्ड तुझ्या शेपटाला बांधलेलं. सही तुझीच चालेल," तो म्हणाला. "ती कुठे राहत होती ते विचारतील. विचारू देत. होईल ते होईल. तिला तिथे एकटीला टाकायचं का?"

"मी करते सही."

तिला खरोखरच करायची होती. बसमध्ये ती सारखी दोन वाक्यं घोळवत होती. त्या दिवशी मी खोटं बोलले. ती माझी नणंद आहे. इतकं बोललं की झालं.

स्थानबद्धता केंद्रात एका वेळी एकालाच सोडत होते. नवरा बाहेरच्या बाकावर बसला. खिडकीमागच्या कारकुनाने नणंदेचं नाव विचारलं आणि फाइल काढून बराच वेळ चाळली.

"हमीपत्र नातेवाइकालाच देता येतं," तो म्हणाला. "हिने तर लिहून दिलंय, की इथे माझं कोणी नाही. पुन्हा पुन्हा विचारलं, दर वेळी तेच उत्तर. पत्ताही एका वृद्धाश्रमाचा दिलाय, तो कधीचाच बंद पडलाय." त्याने पान उलटलं. "आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईचा जबाब आहे. तीही म्हणते, ओळखत नाही. दोन्ही जबाब अगदी जुळतात." मग त्याने वर पाहिलं. "तुम्ही तिच्या कोण?"

भरलेलं हमीपत्र पर्समध्ये होतं. पर्सची चेन तिने अर्धी उघडली होती. मागे रांगेत कोणीतरी खोकलं. तिने चेन परत लावली.

"ओळखीची आहे," ती म्हणाली. "थोडे कपडे आणलेत. आणि तिचा चष्मा."

"कपडे कोणीही देऊ शकतं." कारकुनाने पिशवी आत ओढून घेतली. त्याचा आवाज मऊ झाला होता. "बरं केलंत आलात ते. अशांची विचारपूस करायला सहसा कोणी फिरकत नाही."

ती बाहेर आली तेव्हा नवरा बाकावरून उठून उभाच होता.

"केलीस सही?"

"घेत नाहीत," ती म्हणाली. "तिनेच लिहून दिलंय, इथे कोणी नाही म्हणून."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तो काही वेळ केंद्राच्या दाराकडे बघत राहिला. मग शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले.

"वेडी आहे. आपल्यावर काही येऊ नये म्हणून..." तो म्हणाला. दोघं रस्त्याला लागली. बसथांब्याशी पोहोचल्यावर त्याने तिचा हात हातात घेतला.

"पण तू तरी गेलीस," तो म्हणाला. "दुसरी कोणी असती तर दारातच पाऊल टाकलं नसतं."

बस येईपर्यंत तिने हात तसाच राहू दिला.