झटक्यांची वही

बाइंडिंगच्या दुकानात सख्खे भाऊ दोन होते आणि दोघांत मिळून एक शब्द नव्हता. आई गेल्याला तीन महिने झाले होते. बोलायचं झालंच तर दोघेही कागद कापायच्या यंत्राकडे बघून बोलत. यंत्र बिचारं दोघांचंही ऐकून घेई.

आईला पोहोचवून आल्यावर धाकटा चारचौघांत म्हणाला होता, "दुकानातला फोन वाजत होता, आणि हे साहेब कापत बसले होते."  पंधरा दिवसांनी थोरल्याचा श्वास अडकला. छातीवर कुणी कागदाचं अख्खं रिम ठेवल्यासारखं झालं, बोटांना मुंग्या आल्या, आता आपण संपलो अशी पक्की खात्री पटली. दवाखान्यात हृदय ठणठणीत निघालं. त्यात बिघाड सापडला असता तर नातेवाइकांनी फळं आणली असती. नाही म्हटल्यावर सल्ले आणले.

"याला पॅनिक अटॅक म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मरणार असं वाटतं, पण याने माणूस मरत नाही. मनाला धक्का बसला की असं होऊ शकतं. कधी येतो ते लिहून ठेवा."

सुट्या कागदावर लिहिणं बाइंडरला शोभत नाही. त्याने वही शिवली, पाठीला कापड लावलं, रकाने आखले: वेळ, हातातलं काम, खळ, शेरा.

"वा," धाकटा यंत्राला म्हणाला. "नाटकालासुद्धा पक्की बांधणी. सोमवारपासून तुझ्यावर दुसरा माणूस येतोय रे. पात्यापाशी झटका आला तर बोटं जातील कुणाची तरी, आणि गिऱ्हाइकाचा कागद खराब होईल माझा."

तीस वर्षं त्या यंत्राचं चाक थोरल्याच्याच हातात होतं. ते सुटलं की मागच्या खोलीत खळ ढवळत बसायचं. सोमवारच्या आत कारण सापडायला हवं होतं. त्याला संशय खळीला बुरशी धरू नये म्हणून घालतात त्या मोरचुदाचा. त्याने दोन बादल्या खळ ओतून दिली, बिनमोरचुदाची केली. तिला बुरशी आली आणि झटकाही आला.

शनिवारी त्याने वही पहिल्यापासून वाचली. अकरा झटके. वेळा वेगळ्या, कामं वेगळी. शेऱ्याच्या रकान्यात मात्र, निव्वळ शिस्त म्हणून, अकराही वेळा लिहिलं होतं: फोन वाजला होता.

त्याने वही धाकट्यापुढे आपटली. "वाच."

तीन महिन्यांतला पहिला थेट शब्द. धाकट्याने वाचलं. "म्हणजे खापर माझ्यावर?"

"फोनवर म्हणतोय मी."

"फोन आईने केला होता, आणि तू उचलला नव्हतास. हेच तर सांगतोय मी सगळ्यांना."

आणि तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. थोरला कागदाच्या थप्पीवर बसला. श्वास वरच्या वर अडला.

"मरायचं नाही," धाकटा करवादला. "याने मरत नाहीत, तुझ्याच डॉक्टरणीने सांगितलंय. श्वास सोड. घेऊ नको, आधी सोड."

"उचल ना तो."

"नाही उचलत." फोन वाजत राहिला. धाकटा वहीकडे बघत होता. "आईने आधी मला केला होता. मोबाइलवर. दोनदा."

फोन थांबला. थोरल्याचा श्वास हळूहळू जागेवर येऊ लागला. तो आला तसा रागही आला.

"आणि तीन महिने मला एकट्याला मारत होतास?"

"मग काय, दोघांनी मरायचं होतं?"

 यंत्राकडे या वेळी कुणीच पाहिलं नाही.

"सोमवारच्या माणसाचं काय?" थोरल्याने विचारलं.

"येऊ नको म्हणून कळवावं लागेल. नंबर तिथे लिहिलाय. मी नाही करणार. यंत्र तुला हवंय, फोन तू कर."

"हलकट आहेस."

"आहे. कर."

थोरल्याने रिसीव्हर उचलला. तळहाताला घाम होता, नंबर दोनदा चुकला. धाकटा शेजारी येऊन उभा राहिला; मदतीला नव्हे, चुकतोय कुठे ते बघायला. तिसऱ्यांदा नंबर लागला. पलीकडे घंटी वाजू लागली आणि थोरला श्वास सोडत, कुणीतरी उचलायची वाट बघत उभा राहिला.