उजव्या बाजूची वाटी

त्या शनिवारी आमच्या अंगणात एकेचाळीस सायकली होत्या. नऊ दुरुस्त होऊन कुणाकुणाला कबूल झालेल्या, एकवीस अजून हातही न लागलेल्या, आणि दहा लाल फीत बांधलेल्या. लाल फीत म्हणजे ही आता चालणार नाही, हिचे भाग काढून दुसऱ्या सायकलींना लावायचे. उरलेली एक मी.

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी सायकल आहे. माझा जन्म इंग्लंडमधला. एका शिक्षिकेने मला इटलीतल्या फेर्राराला आणलं आणि बावीस वर्षं ती माझ्यावरून शाळेत गेली. दर रविवारी ती मला तेल द्यायची. शेजारीपाजारी म्हणायचे, हिची सायकल चालताना आवाजच करत नाही. पुढे तिचे गुडघे थकले आणि मी तळघरात गेले. या गावची ओल तुम्हाला ठाऊक नाही. ती मडगार्डवर बसली, चेनमध्ये शिरली, आणि मग माझ्या हाडांत. शेवटी तिने मला इथे, चर्चमागच्या गोदामात आणून दिलं. जाताना माझ्या सीटवरची धूळ तिने बाहीने पुसली.

इथे गावातली माणसं शनिवारी जमतात, दान आलेल्या सायकली दुरुस्त करतात आणि गरजूंना देतात. नियम एकच आहे: ज्याला सायकल हवी, त्याने तिच्या दुरुस्तीला हात लावायचा. माझी चेन व्हियोरिका घासत होती. ती मोल्दोव्हाहून आलेली. सोमवारपासून गावाबाहेरच्या एका आजोबांची देखभाल करायचं काम तिला मिळालं होतं. सकाळी सातला हजर व्हायचं, आणि तिकडे जाणारी पहिली बस सातनंतरची. सायकल नाही तर काम नाही.

सगळं अडलं होतं माझ्या पोटात. पायडलांचा आस दोन लोखंडी वाट्यांत फिरतो. आतला गंज काढायचा तर दोन्ही वाट्या काढाव्या लागतात. डावी सहज निघाली. उजवी हलेना. गुआल्तिएरो हा निवृत्त बसचालक. त्याने पान्याला लांब नळी लावली आणि सगळा भार टाकला.

"चाळीस वर्षं सायकली उघडतोय मी," तो धापा टाकत म्हणाला. "ही गंजून बसलीय. लाव फीत."

"दर शनिवारी चाळीसच," ग्रंथालयात काम करणारी इव्होन म्हणाली. "एकदा तरी एकेचाळीस म्हण रे."

व्हियोरिका मात्र चेन तशीच घासत राहिली.

मला उत्तर ठाऊक होतं, पण सायकलीला बोलता येत नाही. फेर्रारातल्या सायकलींच्या दोन्ही वाट्या घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. इथल्या हातांना तेवढीच सवय. मी पडले इंग्लंडची, माझ्या उजव्या वाटीचे आटे मात्र उलटे कापलेले आहेत.

इव्होन फीत घेऊन आली, वाकली, आणि तशीच थांबली.

"अरे, मघाशी इथे फट होती. नख जाईल एवढी. आता नाहीये."

"मग?"

"मग ही बसलेली कुठे आहे? फिरतेय की. तू घट्ट करतोयस हिला."

गुआल्तिएरोने वाकून वाटीकडे पाहिलं. मग त्याने पाना काढला, पलटून लावला आणि दुसऱ्या बाजूला दाबला. एकदा करकरले मी. दुसऱ्यांदा वाटी सुटली.

"घरी माझ्या बायकोला सांगू नकोस," तो इव्होनला म्हणाला. व्हियोरिका खाली बसली आणि हसता हसता तिने गळ्यातल्या रुमालाने डोळे पुसले.

वाट्या धड होत्या. छर्रे नवे घातले, ग्रीस भरलं. इतक्या वर्षांनी मला मोकळं वाटलं.

मित्रांनो, तुमची सायकल ओलीत ठेवू नका, तिला वेळच्या वेळी तेल द्या. आणि एखादी गोष्ट हलत नसेल, तर जोर वाढवण्याआधी जरा थांबून तिच्याकडे नीट बघा.

सोमवारी दाट धुकं होतं. आजोबांच्या दारात व्हियोरिकाने मला भिंतीला टेकवलं, तेव्हा सात वाजायला अकरा मिनिटं होती.