थंडीत फिरलेला पंखा

मी एक पंखा आहे. एका पायावर उभा, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातला. सारखी मान हलवतो, म्हणून लोकांना वाटतं मी सगळ्यालाच नकार देतो.

नवा होतो तेव्हा नातेवाईक माझ्यासमोरच्या जागेसाठी भांडायचे. मग एसी आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथले वैद्य सगळे धडधाकट, मेलो तो मी!

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. शिवणकाम करणाऱ्या एक बाई छातीत धडधडतंय म्हणून आल्या. सोबत मफलर गुंडाळलेला नवरा. ईसीजी काढला, ठोके अनियमित निघाले. इंजेक्शनने धडधड उतरली आणि गोळ्या देऊन घरी सोडायचं ठरलं.

पण बाईंचा एकच धोशा, "वारा लावा!" सिस्टरनी मला बाहेर काढलं, धूळही न पुसता. नवरा मला बंद करी, बाई चालू करत.

"अहो, जीव गुदमरतोय माझा!"

"आणि माझा गोठतोय! डॉक्टर, घरीही हेच. हल्ली पारा सदा चढलेला. बाकी तब्येत झकास. दुप्पट जेवते, तरी बारीक झालीय! शेजारणी विचारतात, कुठलं डाएट?" नवऱ्याने अभिमानाने सांगितलं.

मोठ्या डॉक्टरीणबाई जाता जाता थांबल्या. आधी मफलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतकं निरखून मला कुणी पाहिलं नव्हतं, मी लाजलोच. त्यांनी बाईंना हात पुढे करायला लावले. बोटं थरथरत होती.

"सुई ओवता येते?"

"सून ओवून देते," बाई हळूच म्हणाल्या. "वाटलं, वय झालं. आता मशीन विकावं लागणार."

"वय नाही हो. थायरॉइडची तपासणी करा, मगच घरी सोडा."

रक्त तपासायला गेलं, रिपोर्ट आला. गळ्यातली ती एवढीशी ग्रंथी बेफाम सुटली होती, भर थंडीत अंग तापवत, झिजवत होती आणि हृदयाला फरफटत नेत होती. तिच्यावर औषध सुरू झालं.

पुढच्या थंडीत दोघं सिस्टरना भेटायला आले. बाईंनी स्वतः शिवलेली पिशवी आणली होती. नवऱ्याने न सांगता मला ओढून आणलं आणि बटण दाबलं.

"अहो, बंद करा तो! थंडी वाजतेय मला."

नवरा बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले. "पुन्हा म्हण की एकदा," तो म्हणाला.

मला तेव्हा बंद केलं, ते आजतागायत मी अडगळीत आहे. बंद होण्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. तुमच्या घरी कुणी भर थंडीत पंखा मागितला, तर खुशाल भांडा. पण भांडून झालं की डॉक्टरांना सांगा.